वस्तादांची सहाची पाटी

त्या निवडीबद्दल मला आजवर जितक्यांनी विचारले, त्यांतल्या एकानेही उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेतलेले नाही. विचारणारा विचारतो, मी पहिले वाक्य बोलतो, आणि दुसरे पुरे होण्याआधीच तो मला खरे काय झाले ते सांगू लागतो. मी तिथे होतो. पंचांच्या टेबलाला पाय लागेल इतक्या जवळ बसून टिपत होतो. सांगणारा बहुतेक वेळा तिथे नसतो. असलाच तर गर्दीच्या मागे, खांब दिसावा म्हणून कोणाच्या तरी बैलगाडीवर उभा असतो. तरी पंचांनी काय केले हे त्यालाच पक्के ठाऊक असते.

आता हे एकदा क्रमाने लिहून टाकतो. वाद मिटेल ही आशा मी केव्हाच सोडली आहे. पण पुढच्या माणसाच्या हातात हा मजकूर ठेवता येईल आणि मला गप्प बसता येईल.

वऱ्हाडचा कारभार तेव्हा मध्यप्रांताबरोबर नागपुरातून चाले. मी नांदुऱ्याला राहत होतो आणि खामगावच्या एका साप्ताहिकाला बातम्या पाठवत होतो. कापसाचा भाव, गुरांचा बाजार, कोणाची बदली, कोठे गंजीला आग. खेळाची बातमी म्हणजे यात्रेतली कुस्ती, तीही तीन-चार ओळींत. त्या वर्षी ऑलिंपिकचे सामने जर्मनीत व्हायचे होते. सामन्यांत मल्लखांब नव्हता. पण त्या निमित्ताने आपल्याकडचे व्यायामप्रकार तिथल्या लोकांना दाखवावेत म्हणून एक पथक बोटीने जाणार होते, आणि पथक बांधणाऱ्या मंडळींनी आमच्या भागातून एक मल्लखांबपटू घ्यायचे ठरवले. एकच. राखीव वगैरे काही नाही. ही बातमी छापून आली आणि त्या दिवसापासून आमच्याकडे मल्लखांब न कळणारा माणूस शिल्लक राहिला नाही.

नांदुऱ्याच्या स्टेशनाबाहेर एक पानठेला होता. ठेलेवाला मूळचा वडनेर भोलजीचा, म्हणून तो वडनेरच्या खेळाडूच्या बाजूचा. स्टेशनातले तिकीटबाबू खामगावचे, म्हणून ते खामगावच्या. एवढे कारण दोघांना पुरत होते.

चर्चेत खेळाडू हे दोनच. वडनेरचा बागाईत करणाऱ्या घरचा, दोघा भावांतला धाकटा. वांगी, मिरची, कांदा पिकवायचा, पहाटे मळ्यात पाणी द्यायचे आणि मग मारुतीच्या देवळामागच्या आखाड्यात जायचे, असा त्याचा दिवस. खामगावचा वकिलाचा मुलगा. उंच, हातापायांनी लांब, खांबावर गेला की डौलदार दिसणारा. पिंपळगाव राजाचा आणि डोणगावचा असे आणखी दोघे येणार होते, पण त्यांच्यासाठी भांडायला ठेल्यावर कोणी नव्हते.

"खामगाववाला मल्लखांब थोडी करते, बाप्पा!" ठेलेवाला चुन्याचे बोट पानावर फिरवत म्हणे. "खांबाले गुदगुल्या करते."

"अन् तुमचावाला?" तिकीटबाबू म्हणत. "वानर चिचेवर चढून राह्यलं असं वाटते."

"चढते त खरं! तुमचावाला चढायच्या आधी भांग पाडते."

मी एकदा दोघांनाही विचारले की या दोघांना खेळताना तुम्ही पाहिले आहे का.

"पाह्यलं नाही त काय झालं?" ठेलेवाला म्हणाला. "ऐकलं न!"

तिकीटबाबूंचे म्हणणे असे की एका दिवसाच्या खेळावर निवड करणे चूक. वर्षभर कोण कसा खेळला ते धरावे, कारण खामगावच्या मुलाने त्या वर्षी दोन यात्रा गाजवल्या होत्या. ठेलेवाला म्हणे की गेल्या यात्रांचे काय घेऊन बसलात, त्या दिवशी जो खांबावर खरा ठरेल तो खरा. मग पुढच्या आठवड्यात वडनेरच्या धाकट्याला ताप आल्याची बातमी आली. त्या संध्याकाळी ठेलेवाला तावातावाने सांगत होता की एका दिवसाच्या खेळावर माणसाची पारख कशी होणार, आणि तिकीटबाबू म्हणत होते की ज्याला त्या दिवशी उभे राहता येत नाही तो जर्मनीत काय उभा राहणार. आपण मतांची अदलाबदल केली आहे हे दोघांच्या गावीही नव्हते. मी दाखवून दिले तर दोघे मिळून माझ्यावर आले. ताप चार दिवसांत उतरला.

निवड कशी करायची हे ठरवायला खामगावात एक बैठक झाली. पथकाच्या वतीने अकोल्याचे एक डॉक्टर आले होते. पंचांचे आकडे पाहून निवड जाहीर करायची ती त्यांनी. ठरले ते असे. पंच तीन. प्रत्येकाजवळ दगडी पाटी आणि खडू. खेळाडू खांबावरून उतरला की शिटी वाजेल आणि तिघांनी एकाच वेळी आपापली पाटी लोकांकडे तोंड करून उचलायची. दहापैकी गुण. पाटीची कल्पना एका हेडमास्तरांची. मागाहून कोणी आकडे फिरवले असे म्हणायला जागा राहू नये हा हेतू. हेतू चांगला होता. पुढे काय झाले ते पाहता मला अजून त्या पाट्यांची कीव येते.

पंचांपैकी दोघे लगेच ठरले. एक बुलढाण्याचे निवृत्त कवायत-मास्तर, दुसरे डोणगावचे वैद्य, जे तरुणपणी स्वतः खांबावर खेळलेले. तिसऱ्यासाठी नाव निघण्याआधीच वडनेरच्या धाकट्याचा थोरला भाऊ उठला. तो बैलगाडी जोडून गावची आठ-दहा माणसे घेऊन आला होता.

"आमचे वस्ताद पंचात पाहिजेत," तो म्हणाला.

डॉक्टरांनी शांतपणे विचारले की खेळाडू ज्यांचा चेला, तेच पंच कसे बसतील.

"काऊन नाही बसनार? दुसऱ्यायनं आतल्या आत काही केलं त पाहीन कोन? आपला एक मानूस आत पाहिजे. नाहीतर आम्ही खेळतच नाही."

कवायत-मास्तर म्हणाले, "अरे बाबा, तुझ्या भावाच्याच दृष्टीने ते बरं नाही."

"थे आम्ही पाहू."

खामगावचे लोक हसले आणि बसू द्या म्हणाले. मग थोरल्याने मैदानही वडनेरलाच मागितले. खांब आमचा, जागा आमची, जेवण आमचे. जेवण म्हटल्यावर विरोध संपला. वडनेरची गाडी परत निघाली तेव्हा तीत बसलेल्यांचे चेहरे अर्धी लढाई जिंकून आल्यासारखे होते. मी बातमीत लिहिले की तिसरे पंच म्हणून वडनेरचे वस्ताद यांची योजना झाली आहे. वस्तादांना कोणी विचारले होते का, याची मी चौकशी केली. नव्हते विचारले.

वस्ताद साठीच्या घरात होते. शब्द मोजके, आवाज खालचा. चेल्याला त्यांनी शाब्बास म्हटलेले आखाड्यात कोणी ऐकले नव्हते. चेल्याचे चुकले तर ते सांगत. चुकले नाही तर खांबाला एरंडेल लावायला उठत. धाकट्याला त्यांनी लहानपणापासून शिकवले होते आणि तो त्यांचा सगळ्यात चांगला चेला होता. हे मला इतरांनी सांगितले. वस्तादांकडून तसे कधी कळले नसते.

गावाची तयारी मात्र जोरात होती. जर्मनीत थंडी असते असे कोणीतरी वाचले होते. म्हणून भर वैशाखात नांदुऱ्याच्या शिंप्याकडे धाकट्यासाठी लोकरीचा कोट शिवायला टाकला. माप देताना तो घामाने भिजला होता. मी तिथे दुसऱ्याच बातमीसाठी गेलो होतो. त्याला विचारले, जावेसे वाटते का. तो खाली बघत म्हणाला, "मी नांदुऱ्याच्या पल्याड रेल्वेनं गेलोच नाही, जी. समुद्र पाहायचा आहे मले." शिंप्याने बाही पुन्हा मोजली. एवढेच बोलणे झाले, पण त्याला काय हवे होते ते मला नीट समजले. खेळाचे नाव नाही, पदक नाही. बोटीच्या कठड्याशी उभे राहून चारी बाजूंना पाणी.

निवडीच्या दिवशी सकाळी आंब्याखाली पंगत बसली. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले रोडगे, वरण, आणि धाकट्याच्याच मळ्यातल्या वांग्यांची भाजी. संध्याकाळी खेळायचे म्हणून खेळाडूंनी हात आखडता घेतला; त्यांच्याबरोबर आलेल्यांनी तसे काही केले नाही. वाढायला स्वतः वस्ताद होते. पातळ तुपाचे भांडे घेऊन ते एकेका पाहुण्यापुढे वाकत होते. नको म्हटले तरी रोडगा फोडून त्यात तूप सोडत होते. खामगावच्या मुलाने पानावर हात आडवा धरला तर त्यांनी त्याच्या बोटांच्या फटीतून धार सोडली आणि पंगत हसली. वडनेरची मंडळी सगळ्यांत शेवटी बसली. त्यांच्या वाट्याला भाजीचा रस्सा आला, फोडी संपल्या होत्या. धाकट्याने कोरडा रोडगा मिरचीच्या ठेच्याशी खाल्ला. कोणाला काही वाटले नाही. घरच्यांनी शेवटी बसायचे हे ठरलेलेच. मलाही त्यात टिपण्यासारखे काही दिसले नाही.

उन्हे कलल्यावर खेळ सुरू झाला. पिंपळगाव राजाचा आणि डोणगावचा असे दोघे आधी झाले. दोघांनाही बरे गुण मिळाले आणि लोकांनी पाट्यांकडे नीट पाहिलेही नाही.

मग खामगावचा. त्याचा खेळ स्वच्छ होता. गुडघे सरळ, पावले जुळलेली, एका आसनातून दुसऱ्यात जाताना कोठे धडपड नाही. अवघड उड्या त्याने टाळल्या. शेवटी खांबावरून उतरताना तोल गेला आणि उजवा हात जमिनीला टेकला. हे सगळ्यांनी पाहिले, माझ्या शेजारी बसलेल्या त्याच्या वडिलांनीही. त्यांनी डोळे मिटले. शिटी झाली. पाट्या वर आल्या. मास्तर आठ, वैद्य आठ, वस्ताद नऊ.

मग धाकटा. हातांना राळ चोळून तो खांबाकडे गेला आणि पहिल्याच उडीला मागचे लोक टाचा उंचावून पाहू लागले. तो खांबाला हातांनी धरतच नव्हता असे वाटे. मांड्यांच्या पकडीवर, काखेच्या पकडीवर तो फिरत होता. एकदा तर खाली डोके करून सुटला आणि लोकांनी श्वास घेतला तोवर पुन्हा पकडीत होता. मग खांबाच्या टोकावरच्या बोंडावर एका पायावर उभा राहिला. तिथून उतरताना हात टेकला नाही, पाऊल हलले नाही. मध्ये एकदा गुडघा किंचित वाकला म्हणतात. मला दिसला नाही.

शिटी झाली. मास्तर नऊ. वैद्य नऊ. वस्तादांची पाटी किंचित मागून वर आली. तीवर सहा होता.

बेरीज कोणालाही करता येत होती. चोवीस आणि पंचवीस.

सगळे एकदम ओरडले. वडनेरचे लोक पुढे सरले ते कवायत-मास्तरांच्या अंगावर. मास्तरांनी त्यांच्या खेळाडूला नऊ दिले होते, नऊची पाटी अजून हातात होती, आणि एक जण ती हिसकावत विचारत होता की खामगावकडून काय घेतले. खामगावचे लोक ओरडत होते की खांबाला मुद्दाम जास्त एरंडेल लावले, नाहीतर आमच्या पोराचा हात टेकलाच नसता. ज्यांचा खेळाडू जिंकला ते तक्रार करत होते, आणि ज्यांचा हरला ते नेमके त्याला जास्त गुण देणाऱ्याला धरत होते. वस्तादांकडे कोणी पाहत नव्हते. ते पारावर जाऊन बसले होते, पाटी मांडीवर.

डॉक्टरांनी हात वर करून गर्दी शांत केली. "आकडे सर्वांसमोर आहेत," ते म्हणाले. "मी ते बदलू शकत नाही. कोणाला आपलं चुकलं असं वाटत असेल, तर ज्याची पाटी, त्यानेच ती बदलावी. दुसऱ्या कोणी नाही. मी चहा घेऊन गाडीला निघतो. तोवर सांगा."

तेव्हा कोठे सगळी माणसे पाराकडे वळली. मी बरोबर गेलो. पुढचे सगळे मी उभ्याउभ्या टिपले आहे.

"वस्ताद," थोरला म्हणाला, "पुसा थो सहा. नऊ नोका करू. आठ करा. आठानं होऊन जाते."

"गुडघा वाकला होता."

"अन् त्याचा हात जमिनीले टेकला थो? त्याले नऊ काऊन देल्ले?"

"थो पाहुना आहे," वस्ताद म्हणाले.

थोरल्याला समजले नाही. मलाही क्षणभर समजले नाही.

"मंग?"

"मंग काय? सकाळी जेवले न तुम्ही सगळे? पाहुन्यायच्या आधी आपल्या पोरायले वाढलं असतं मी, त काय म्हनले असते? म्हनले असते, वस्तादाले लाज नाही. आता म्हनता घरच्या पोट्ट्याच्या ताटात दोन जास्त टाक."

मागून कोणीतरी म्हणाले, "हे का पंगत आहे, वस्ताद?"

"मंग मले कायले बसवलं?" वस्तादांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मी आलो होतो जागा मांगाले? तुम्ही बसवलं. आपला मानूस, आपला मानूस. चार गावं पाहून राह्यले, अन् मी आपल्याच्या पाटीवर नऊ लिहू? आपला मानूस पाहुन्यायसमोर असाच वागते."

त्या जागी त्यांच्यातला कोणीही असता तरी तसाच वागला असता, आणि न वागणाऱ्याला गावाने नावे ठेवली असती.

मग वस्तादांनी धाकट्याला पुढे बोलावले. तो अजून लंगोटावर होता, मांड्यांवर एरंडेल चमकत होते.

"खांबावर तू होता," वस्ताद म्हणाले. "तू सांग. सहाचा होता का नाही? तू नाही म्हन, मी पुसतो."

त्यांचा अंगठा पाटीवर आकड्याच्या शेजारी टेकला होता. समोरच्या ओसरीवर डॉक्टर बशीत चहा ओतत होते.

"बोल बे!" थोरला म्हणाला. "बोल न! तोंड शिवलं का तुहं?"

धाकट्याने वस्तादांकडे पाहिले, मग जमिनीकडे.

"तुम्ही देल्ले तेवढेच, वस्ताद."

वस्तादांनी अंगठा उचलला. थोरल्याने धाकट्याच्या पाठीत जोरात धपाटा घातला आणि तो रडू लागला. मार खाणारा नव्हे, मारणारा. डॉक्टरांनी बशी खाली ठेवली, खामगावच्या मुलाला आणि त्याच्या वडिलांना काही सूचना दिल्या आणि ते गाडीत बसले.

हे एवढेच झाले. मी हे सगळे, गुणांसकट आणि पारावरच्या बोलण्यासकट, साप्ताहिकाला पाठवले. संपादकांनी एक शब्द न गाळता छापले. त्यानंतर जी पत्रे आली ती वाचून संपादक मला म्हणाले, "तुम्ही बातमी लिहिली होती ना? मग हे लोक काय वाचतात?"

वडनेरकडच्या पत्रांत लिहिले होते की बातमीदार खामगावच्या पेपरचा, त्यामुळे वकिलाने मास्तरांना विकत घेतले हे त्याने दडवले. खामगावकडच्या पत्रांत होते की बातमीदार नांदुऱ्याचा, म्हणजे वडनेरच्याच शेजारचा, म्हणून त्याने एरंडेलाबद्दल अवाक्षर काढले नाही. एका सद्गृहस्थांनी दोन्ही बाजूंना समजावणारे लांबलचक पत्र पाठवले. त्यात उड्यांना किती गुण असावेत आणि सफाईला किती, याचा विचार केला होता आणि शेवटी निवडीसाठी नागपूरकरांना दोष दिला होता. त्या मैदानावर नागपूरचा एकही माणूस नव्हता.

पानठेल्यावर तर मी जाणे कमी केले. ठेलेवाल्याच्या तोंडी वकिलाची गोष्ट पानामागे पान वाढत जाई: आधी त्याने मास्तरांना विकत घेतले होते, मग वैद्यांनाही, पावसाळा सुरू होता होता डॉक्टरांनाही.

"वैद्यांनी तुमच्याच माणसाला नऊ दिले," मी म्हणालो.

"थेच त डाव आहे!" ठेलेवाला म्हणाला. "संशय येऊ नये म्हनून."

"आणि सहा कोणी दिले?"

"वस्तादावर दबाव असन."

"वस्ताद स्वतः सांगत होते कारण. सगळ्यांसमोर."

"तुम्ही भोळे आहा, भाऊ."

तिकीटबाबूंनी माझी बाजू घेतली असे मला वाटले, पण ते एरंडेलाकडे वळले. मी पान न खाताच उठलो.

वडनेरच्या ज्या माणसांनी पारापाशी उभे राहून प्रत्येक शब्द ऐकला होता, तीही हळूहळू वकिलाची गोष्ट सांगू लागली. मी एकाला अडवून विचारले की तू तर तिथे होतास. तो म्हणाला, "होतो न." मग म्हणाला, "पन थे वेगळं." काय वेगळे, ते त्याने सांगितले नाही. माझे अनुमान असे की पारावरचे बोलणे खरे धरले तर पुढचा प्रश्न येतो: वस्तादांना तिथे बसवले कोणी. तो प्रश्न वकिलाच्या गोष्टीत येत नाही.

खामगावचा मुलगा बोटीने गेला. परत आल्यावर त्याचा सत्कार झाला, त्याची बातमीही मीच दिली. कोट थोरल्याच्या घरी खुंटीला राहिला आणि पुढे थंडीच्या दिवसांत मळ्यात पाणी द्यायला जाताना धाकटा तो घालू लागला. तोच कोट घातलेला तो मला एकदा वांग्यांच्या वाफ्यात भेटला. मी बातमीसाठी विचारत नाही, असे आधी सांगून मग विचारले: सहा होते का?

त्याने वांगे देठापासून खुडले आणि टोपलीत टाकले.

"आठ होते," तो म्हणाला. "गुडघा वाकला होता, वस्तादायले दिसलं थे खरं. पन आठाचा होता मी."

"मग बोलला का नाहीस?"

"थे पुसनार होते, जी. अंगठा ठेवला होता त्यायनं. मी नाही म्हनलो असतो त चार गावच्या लोकायसमोर वस्तादानं पुसलं असतं. मंग मी समुद्र पाहून आलो असतो, अन् थे इथं बसले असते. कोन गेलं असतं त्यायच्या आखाड्यात?"

तो पुढच्या झाडाकडे सरकला.

याला बरीच वर्षे झाली. मधल्या काळात वस्ताद थकले, आखाडा धाकटा चालवू लागला. मग प्रांतातल्या एका मोठ्या स्पर्धेसाठी पुन्हा आमच्या भागातून एक खेळाडू निवडायचे ठरले, आणि वडनेरची बैलगाडी पुन्हा खामगावच्या बैठकीला आली. मी तिथे होतो. थोरला उठला. केस पांढरे झाले होते, मागणी तीच होती.

"आपला एक मानूस पंचात पाहिजे."

मला पेन खाली ठेवावेसे वाटले. जिल्ह्यात त्या पहिल्या निवडीवर ज्याने सगळ्यात जास्त आरडाओरडा केला, तोच माणूस अक्षरशः त्याच वाक्याने पुन्हा उभा होता. या वेळी त्याचा माणूस म्हणजे धाकटा, आणि खेळाडू म्हणजे धाकट्याचा चेला. मैदानही पुन्हा वडनेरलाच गेले.

सकाळी आंब्याखाली पंगत बसली. रोडगे, वरण, वांगी. वाढायला धाकटा होता. पाहुणे पानांवर बसले, आणि तो तुपाचे भांडे घेऊन त्यांच्यावरून पुढे चालत गेला, पार शेवटी, जिथे आखाड्याची पोरे कडेला उभी होती. त्यांना त्याने बसवले. पहिला रोडगा आपल्या चेल्याच्या पानात फोडला आणि त्यावर तूप सोडले. भाजीच्या फोडीही त्यालाच आधी.

पंगत थबकली. एक पाहुणा दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागला. थोरला धावत आला आणि दातओठ खात म्हणाला, "काऊन बे? पाहुने बसले न! गावाची इज्जत काढून राह्यला का?"

"संध्याकाळी पाटी धरायची आहे मले," धाकटा म्हणाला. "सवय मोडून राह्यलो."

पाराला टेकून वस्ताद बसले होते. त्यांच्या पानावर अजून काही वाढलेले नव्हते. ते रागावतील असे मला वाटले. त्यांनी फक्त पान आपल्याकडे थोडे ओढून घेतले आणि वाट पाहिली.

संध्याकाळी चेला खेळला. शिटी झाली. तीन पाट्या एकदम वर आल्या. तिन्हींवर आठ होता. तेवढ्याने काम झाले. मुलगा निवडला गेला.

पाहुणे म्हणाले की घरचाच पंच, सकाळीच दिसले होते. वडनेरचे लोक म्हणाले की घरचा असून एकसुद्धा वाढवून दिला नाही. दोघांचीही पत्रे आली आणि ती मी संपादकांकडे न वाचता पाठवली. मैदानावरून निघताना वस्तादांनी धाकट्याला जवळ बोलावून काहीतरी सांगितले. काय म्हणाले, असे मी वाटेत त्याला विचारले.

"म्हनले, पोराचा गुडघा सरळ होता."

नांदुऱ्याला पोहोचलो तेव्हा ठेल्यावर दिवा लागला होता आणि वाद रंगात आला होता. मला वाटले, आजच्या निवडीचा असेल. जवळ गेलो. तिकीटबाबू, आता पेन्शनीत, हात उंचावून सांगत होते की त्या वर्षी खांबाला एरंडेल जास्त होते.

ठेलेवाल्याने मला पाहिले. "हे पाहा, हे होते तिथं! सांगा हो भाऊ, खरं काय झालं थे सांगा."

मी पहिले वाक्य बोललो.

"नाही नाही," ठेलेवाला म्हणाला. "थांबा. मी सांगतो."